वारा फुकट, शीड नाही

'वारा पाहून पाठ द्यावी' असं आपल्याकडे म्हणतात. माणसांच्या व्यवहारात हा सल्ला चालून जात असेल, पण एखाद्या मालवाहू जहाजाने तो मनावर घेतला तर त्याचं नुकसानच व्हायचं. इंधन वाचवायला आज काही मालवाहू जहाजांवर पुन्हा शिडं चढू लागली आहेत. अशा जहाजाला पाठीमागून येणारा वारा फारसा कामाचा नसतो. त्याला हवा असतो आडवा वारा.

हे पटायला एक स्कूटर पुरे. हवा अगदी पडलेली आहे आणि तुम्ही ताशी २५ किलोमीटरने चालला आहात. तरी तोंडावर वारा लागतोच. तो तुम्हीच तयार केलेला असतो. आता तेवढ्याच वेगाचा खरा वारा मागून सुटला असं समजा. शर्टाची बाहीसुद्धा हलणार नाही, कारण दोन्ही वारे एकमेकांना खाऊन टाकतात. कोळसा, धान्य, खनिज वाहणारी जहाजं साधारण १२ ते १४ नॉटने, म्हणजे ताशी २२ ते २६ किलोमीटरने चालतात. मागून तेवढाच वारा आला तर डेकवरच्या माणसाला वाटेल की हवा पडली आहे, आणि शिडालाही तसंच वाटेल. वारा आडवा असेल तर मात्र जहाजाचा वेग त्यात मिसळतो. तो थोडा पुढून आल्यासारखा आणि मुळापेक्षा जोराचा लागतो. शीड काम करतं ते या अंगाला लागणाऱ्या वाऱ्यावर. हवामान खात्याच्या नकाशातला वारा वेगळा.

पण पुढून-बाजूने येणारा वारा जहाजाला पुढे कसा नेईल? मागेच ढकलायला नको का?

एसटीच्या खिडकीपाशी 'हात बाहेर काढू नये' असं लिहिलेलं असतं आणि लहानपणी प्रत्येकाने तो काढलेला असतो. तळहात जमिनीला समांतर धरला की हवा वरून-खालून निघून जाते. पुढची कड जराशी उचलली की हात एकदम वर खेचला जातो. हवा समोरून येते आहे, पण जोर लागतो वरच्या दिशेने. विमान याच जोरावर उडतं. आता विमानाचा पंख उभा करून डेकवर रोवा. जोर वर लागायच्या ऐवजी आडवा लागेल. पंख नीट कोनात वळवला तर या जोराचा बराच हिस्सा नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे वळतो. कोकणातल्या गलबतांची तिरकी शिडं हेच करायची. नाखव्याला पंखाचं गणित ठाऊक नसेल, पण शीड कुठवर ओढायचं आणि कधी सैल सोडायचं हे त्याच्या हाताला ठाऊक होतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये 'पिक्सिस ओशन' नावाचं जहाज चीनहून सिंगापूरमार्गे ब्राझीलला निघालं, तेव्हा त्याच्या डेकवर असे दोन पंख उभे होते. प्रत्येक पंख ३७.५ मीटर उंच, म्हणजे साधारण बारा मजली इमारतीएवढा. जहाज काही नवं नव्हतं. २०१७ मध्ये बांधलेलं, सुमारे ८१ हजार टन माल नेणारं, चारचौघांसारखं मालवाहू जहाज. पंखांचा आराखडा एका ब्रिटिश कंपनीचा. शिडाच्या बोटींच्या 'अमेरिका कप' शर्यतीत उतरलेल्या चमूतून ती निघाली. हे पंख पोलादाचे आणि फायबरचे, कापडाचा एक तुकडा नाही. वाऱ्याचा रोख बघून संगणक त्यांचा कोन बदलतो. दोर ओढायला खलाशी वर चढत नाहीत. बंदरात शिरताना पंख डेकवर आडवे होतात.

सहा महिन्यांच्या प्रवासानंतर जहाज चालवणाऱ्या कारगिल कंपनीने आकडे जाहीर केले. दिवसाला सरासरी ३ टन इंधन वाचलं. अगदी मनासारखा वारा मिळाला त्या दिवशी ११ टन.

या दोन आकड्यांतला फरक लक्षात ठेवायला हवा. बातम्यांचे मथळे ११ टनांवर बांधले जातात, धंदा ३ टनांवर चालतो. ३ टनही थोडे नाहीत. जहाजाच्या जड इंधनाला या धंद्यात बंकर म्हणतात. त्याचा भाव रोज हलतो. टनाला ५५० डॉलर धरले आणि वर्षातले २५० दिवस जहाज समुद्रात चालतं असं मानलं, तर वर्षाला चार लाखांहून जास्त डॉलर वाचतात. एक टन इंधन जाळलं की तीन टनांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. ऐकणाऱ्याला ही चूक वाटते, एका टनातून तीन कसे? जळताना इंधनातला कार्बन हवेतला ऑक्सिजन पकडतो. १२ किलो कार्बनला ३२ किलो ऑक्सिजन चिकटतो आणि वजन फुगतं. त्या हिशेबाने या एका जहाजामागे वर्षाला तेवीसशे टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा वाचतो.

पंख हा एक प्रकार झाला. दुसरा पाहिला तर ते शीड आहे हे सांगूनही खरं वाटत नाही. डेकवर दोन-तीन जाडजूड उभे नळकांडे, लांबून धुराड्यांसारखे. हा रोटर. तो विजेच्या मोटरवर स्वतःभोवती फिरतो, मोठा असेल तर मिनिटाला शे-दीडशे फेरे. त्यामागचं तत्त्व समजून घ्यायचं तर क्रिकेटच्या मैदानावर जायला हवं.

फिरकी गोलंदाज चेंडूला टॉपस्पिन देतो तेव्हा चेंडू अंदाजाआधीच खाली येतो. पुढे सरसावलेला फलंदाज फसतो, यष्टिरक्षक बेल्स उडवतो. फिरणारा चेंडू आपल्या पृष्ठभागाला चिकटलेली हवा सोबत ओढून नेतो. त्यामुळे चेंडूमागे सुटणारा हवेचा झोत सरळ न जाता एका बाजूला वळतो. हवा एकीकडे ढकलली गेली की चेंडू दुसरीकडे ढकलला जातो. टॉपस्पिनमध्ये झोत वर जातो, चेंडू खाली. हाइनरिश गुस्टाफ माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये याचा अभ्यास केला, तो तोफगोळे नेम सोडून बाजूला का जातात हे शोधताना. म्हणून हा माग्नुस परिणाम. रोटरमध्ये चेंडूच्या जागी नळकांडं आलं आणि गोलंदाजाच्या हाताच्या जागी मोटर. वारा आडवा आला की फिरणारा रोटर जहाजाला पुढे ओढतो. वारा दुसऱ्या बाजूने आला तर रोटर उलटा फिरवायचा, बस. त्याच आकाराच्या साध्या शिडापेक्षा तो कितीतरी पट जोर देतो, आणि वारा चांगला असेल तर फिरवायला लागणाऱ्या विजेच्या कित्येक पट परत करतो.

आता हे सगळं ताजं संशोधन वाटत असेल तर तारीख बघा. अँटोन फ्लेटनर या जर्मन अभियंत्याने 'बुकाउ' नावाच्या जहाजावर असे दोन रोटर बसवले ते १९२४ मध्ये. १९२५ च्या फेब्रुवारीत ते जहाज डांझिगहून उत्तर समुद्र ओलांडून स्कॉटलंडला गेलं. पुढे त्याचं नाव 'बाडेन-बाडेन' झालं आणि १९२६ मध्ये ते अटलांटिक पार करून न्यूयॉर्कला पोहोचलं. यंत्र चाललं, वादळी हवेतही टिकलं. फ्लेटनरला हरवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. तेल स्वस्त होतं आणि डिझेल इंजिन दिवसेंदिवस सुधारत होतं. जे इंधन मातीमोल मिळतंय ते वाचवायला रोटरवर पैसे कोण घालेल?

मला या विषयात सगळ्यात रस वाटतो तो या जागी. वाऱ्याने जहाज चालवायचं तंत्र पुन्हा पुन्हा जमलं आणि पुन्हा पुन्हा अडगळीत गेलं. १९७३ आणि १९७९ च्या तेलटंचाईनंतर जपानने १९८० मध्ये 'शिन आयतोकु मारू' या छोट्या तेलवाहू जहाजावर घडीची शिडं बसवली. मागोमाग आणखी जहाजं आली. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि शिडं उतरली. २००८ मध्ये एका जर्मन जहाजाला १६० चौरस मीटरचा पतंग बांधला होता. उंचावर वारा जोराचा असतो, म्हणून पतंग. कल्पना छानच होती, संक्रांतीला गच्चीवर गेलेल्या कुणालाही पटेल. पण त्याच वर्षी जागतिक मंदी आली, मालवाहतूक आटली आणि २०११ मध्ये ती जहाज कंपनीच बुडाली. २०१० चं 'ई-शिप १' त्यातल्या त्यात नशीबवान. पवनचक्क्या बनवणाऱ्या जर्मन कंपनीने ते स्वतःच्या पवनचक्क्या वाहायला बांधलं आणि त्यावर चार रोटर लावले. वाऱ्याची यंत्रं, वाऱ्याच्या जोरावर. जहाजही आपलं, मालही आपला, इंधनाचं बिलही आपलंच. हे शेवटचं वाक्य पुढे कामाला येणार आहे.

मग या खेपेला काय वेगळं आहे? जगातला वजनाने सुमारे ८० टक्के व्यापार समुद्रावरून चालतो, आणि माणसाने हवेत सोडलेल्या हरितगृह वायूंपैकी जवळजवळ ३ टक्के जहाजांतून निघतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये ठरवलं की २०५० च्या सुमारास हे प्रमाण निव्वळ शून्यावर आणायचं. त्याच वर्षापासून मोठ्या जहाजांना कार्बनच्या हिशेबावर शाळेसारखी ए ते ई अशी श्रेणी मिळू लागली. युरोपने तर थेट खिशाला हात घातला. २०२४ पासून तिथल्या बंदरांत जाणाऱ्या मोठ्या जहाजांना कार्बनचे पैसे मोजावे लागतात. आधी ४० टक्के उत्सर्जनाचे, मग ७० आणि नंतर पूर्ण १०० टक्क्यांचे. २०२५ पासूनच्या युरोपच्या दुसऱ्या नियमात वाऱ्याची यंत्रणा लावणाऱ्याला ५ टक्क्यांपर्यंत सूट आहे. जगभर कार्बनची किंमत लावायचा निर्णय मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये सागरी संघटनेने वर्षभर पुढे ढकलला. म्हणजे तेल उद्या स्वस्त झालं तरी, निदान युरोपपुरती, शिडं उतरवायची घाई होणार नाही.

डिझेलला पर्याय म्हणून अमोनिया, मिथेनॉल यांची नावं घेतली जातात. ती बनवायची, साठवायची, बंदरोबंदरी पोहोचवायची व्यवस्था अजून उभी राहायची आहे, आणि ती इंधनं महाग आहेत. वाऱ्याला टाकी लागत नाही. उद्याचं इंधन जितकं महाग, तितका वाचवलेला प्रत्येक टन मोलाचा.

तरीही जगातल्या लाखभर व्यापारी जहाजांत वाऱ्याची यंत्रणा असलेली जहाजं अजून दिसून येण्याएवढी नाहीत. ती सगळीकडे बसत नाही हे एक कारण. कंटेनर जहाजाच्या डेकवर डब्यांची चळत असते, पंख रोवायचा कुठे? शिवाय ती जहाजं वेगाने पळतात, त्यांना वारा बहुतेक वेळा तोंडावरच लागतो. संथ चालणारी, डेक मोकळा असलेली तेलवाहू आणि सुटा माल वाहणारी जहाजं सोयीची. तिथेही बंदरात अडचण येतेच. जयगडला, धरमतरला किंवा मुरगावला कोळसा उतरताना ज्याने पाहिलं असेल त्याला कळेल. क्रेनचा पंजा होल्डमधून, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या कोठारातून, वर येतो आणि डेकवरून आडवा फिरतो. त्याच्या वाटेत ३५ मीटरचा खांब उभा असेल तर खांबाचं काय व्हायचं ते होईल. म्हणूनच 'सी झौशान' या सव्वातीन लाख टनी खनिजवाहू जहाजावर २०२१ मध्ये बसवलेले पाचही रोटर आडवे पाडता येतात. पुलांचाही प्रश्न असतोच. शिवाय नियमाप्रमाणे चालककक्षातून पुढचा समुद्र दिसायला हवा. नाळेच्या पुढे न दिसणारा पट्टा जहाजाच्या दोन लांब्या किंवा ५०० मीटर, यांतलं जे कमी असेल त्याहून मोठा नको. समोर पंख उभे केले की कॅमेरे लावून हे भागवावं लागतं.

आणि पंखाचा सगळा जोर पुढे लागत नाही, उरलेला जहाजाला बाजूला ढकलतो. शर्यतीच्या बोटीला पाण्याखाली खोल तळपट्टी असते, ती हा आडवा जोर पेलते. मालवाहू जहाज म्हणजे तरंगती पेटी. ते बाजूला सरकतं, मग सुकाणू थोडं वळतं धरून ठेवावं लागतं आणि त्यात कमाईचा काही हिस्सा परत जातो. या सगळ्या प्रकाराला वाऱ्याची 'मदत' म्हणतात ते उगाच नाही. इंजिन चालूच असतं, फक्त थोडा दम खातं.

किती दम खातं हे वाटेवर ठरतं. जपानच्या एमओएल कंपनीचं 'शोफू मारू' हे कोळसावाहू जहाज २०२२ पासून एका उंच, दुर्बिणीच्या नळीसारख्या उघडणाऱ्या शिडासह चालतं. कंपनीच्या हिशेबाने जपान-ऑस्ट्रेलिया मार्गावर त्याचं सुमारे ५ टक्के इंधन वाचायला हवं आणि जपान ते अमेरिकेचा पश्चिम किनारा या मार्गावर ८ टक्के. जहाज तेच, शीड तेच. पण ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर विषुववृत्ताजवळचा पडलेल्या हवेचा पट्टा लागतो, उत्तर प्रशांत महासागरात वारा सहसा कमी पडत नाही. आपल्या किनाऱ्यावर हे कुणाला नव्याने सांगायला नको. अरबी समुद्राचा व्यापार शतकानुशतकं मोसमी वाऱ्यांच्या वेळापत्रकावर चालला आणि पावसाळ्यात गलबतं किनाऱ्यावर ओढली गेली. फरक इतकाच की आता जहाज वाऱ्याची वाट बघत बसत नाही. उपग्रहाचा अंदाज बघून संगणक सांगतो की अमुक अंश उत्तरेकडून गेलात तर अंतर वाढेल, पण वारा मिळेल आणि बिल कमी होईल.

बिल कुणाचं, हा प्रश्न अजून उरतो. माझ्या मते खरी अडचण या प्रश्नात आहे, तंत्रात नाही.

समजा तुम्ही पुण्यात भाड्याने राहता. गच्चीवर सोलर बसवला तर विजेचं बिल निम्मं होईल. घरमालक म्हणतो, बिल तू भरतोस, तर मी खर्च का करू? तुम्ही म्हणता, अकरा महिन्यांचा करार आहे, मी दुसऱ्याच्या गच्चीवर पैसे का घालू? दोघेही बरोबर आहेत आणि सोलर बसत नाही. जहाजांचं नेमकं हेच आहे. जहाज एकाचं असतं, काही महिन्यांसाठी किंवा वर्षासाठी ते दुसरा भाड्याने घेतो. त्याला चार्टरर म्हणतात. अशा मुदतीच्या करारात बंकरचा खर्च चार्टररचा. पंखाचा खर्च मालकाचा, बचत चार्टररची. चार्टरर पुढच्या वर्षी दुसरं जहाज घेईल.

'पिक्सिस ओशन'ची गोष्ट त्यामुळे तंत्राइतकीच कराराचीही आहे. जहाज मित्सुबिशीचं, चालवणार कारगिल, आणि दोघेही प्रयोगात सुरुवातीपासून सोबत होते. 'ई-शिप १' जमलं कारण तिथे मालक आणि भाडेकरू एकच होते. 'मर्स्क पेलिकन' या तेलवाहू जहाजावर २०१८ मध्ये ३० मीटर उंचीचे दोन रोटर बसले आणि वर्षभरात ८.२ टक्के इंधन वाचल्याचं तिसऱ्या, स्वतंत्र संस्थेने तपासून सांगितलं. हे तपासणं तांत्रिक वाटतं, पण त्याचं खरं गिऱ्हाईक म्हणजे असा करार. 'माझ्या पंखांनी तुझे इतके टन वाचतात, तर भाडं इतकं वाढव' असं मालकाला म्हणायचं असेल तर आकडा दोघांनाही मान्य हवा. आणि तो काढणं अवघड असतं. समुद्रात दोन दिवस सारखे नसतात. लाटा, प्रवाह, मालाचं वजन, तळाला चिकटलेले कालव, सगळ्यानेच इंधनाचा खप बदलतो. मग जहाज समुद्रात असतानाच काही वेळ रोटर बंद करून, पुन्हा चालू करून फरक मोजावा लागतो.

वाऱ्याने कमावलेलं जहाजाने कसं घालवावं याचीही एक रीत आहे. पाण्यात जहाज रेटायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या हिशेबात वाढते. वेग १० टक्के कमी केला तर ताकद सुमारे २७ टक्के कमी लागते. प्रवास लांबतो ते धरूनही इंधन साधारण १९ टक्के वाचतं. बहुतेक शिडं आज देतात त्याहून हे जास्त आहे, आणि यासाठी काहीच बसवावं लागत नाही, इंजिन हळू चालवायचं. पण एकेका फेरीपुरत्या करारांत जहाजाने विनाविलंब पोहोचावं असं कलम असतं आणि पुष्कळ बंदरांत आधी येईल त्याला आधी धक्का. म्हणून जहाज जोरात येतं आणि बाहेर नांगर टाकून दिवस काढतं. ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त थांबावं लागलं तर मालकाला डेमरेज, म्हणजे खोळंब्याची भरपाई, मिळते, त्यामुळे थांबण्याचं त्याला फारसं दुःखही नसतं. संध्याकाळी किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजाजवळ दिवे लावून उभी असलेली जी जहाजं दिसतात, त्यांतली काही अशीच, घाईघाईने येऊन थांबलेली असतात.